९१वं स्तोत्र रोज म्हणणारे बाबा गेले, मग खोटं काय मानायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझे बाबा रोज पहाटे बायबलमधलं ९१वं स्तोत्र, देव संकटात राखतो असं सांगणारं, मोठ्यानं म्हणायचे. एप्रिल २०२१ मध्ये त्यांना आणि आमच्याच मंडळीतल्या एका काकांना एकाच आठवड्यात कोविड झाला. दोघं एकाच वॉर्डात होते. दोघांसाठी एकच प्रार्थनासाखळी चालू होती. काका घरी आले, बाबा आले नाहीत. चर्च पुन्हा उघडल्यावर काकांनी साक्ष दिली की देव आपल्या लोकांना सोडत नाही. आई तिसऱ्या बाकावर बसून ऐकत होती. नंतर एक भगिनी घरी येऊन म्हणाल्या, कुठंतरी विश्वास कमी पडला असेल. आई अजून उपासनेला येते, पण स्तोत्र सुरू झालं की ओठ मिटते. मी खोटं काय मानायचं, वचन की बाबांचा विश्वास? आणि देव काळजी घेतो म्हणजे नेमकं काय?"

ताई, मी ३१ वर्षं पाळक आहे. त्यातली गेली बारा वर्षं एका मिशन दवाखान्यात रुग्णभेटीचं काम करतो. हा प्रश्न मला वर्षातून आठ-दहा वेळा तरी ऐकावा लागतो, आणि तो कायम जिन्यात, लिफ्टपाशी, नाहीतर बिलाच्या रांगेत येतो. चर्चमध्ये तो कुणी विचारत नाही. चर्चमध्ये सगळे "प्रभूची कृपा आहे" म्हणतात.

आधी त्या भगिनींचं बोलणं हातावेगळं करू. ते घशात अडकलेलं असताना बाकीचं काही गळ्याखाली उतरणार नाही.

"अल्पविश्वासी" हा शब्द येशूच्या तोंडी आहे, नाही असं नाही. पण तो कुणाला म्हटलाय ते पाहा. वादळात नाव बुडायला आली, शिष्य ओरडत सुटले, तेव्हा त्यांना म्हटलाय, आणि लगेच वादळ शांत केलंय. पेत्र पाण्यावर चार पावलं चालून बुडू लागला, तेव्हा त्याला म्हटलाय. मत्तयाच्या १४व्या अध्यायात क्रम स्पष्ट आहे: आधी हात धरला, मग बोलणं. विश्वास कमी असलेली माणसं तिथं बुडालेली नाहीत, वाचलेली आहेत. तिसरी जागा मत्तय १७. एका बापानं आजारी मुलगा शिष्यांकडे आणला, त्यांना तो बरा करता आला नाही, आणि कारण विचारल्यावर येशू म्हणाला, तुमच्या अल्पविश्वासामुळे. तुमच्या म्हणजे प्रार्थना करणाऱ्यांच्या. आजारी पोराला किंवा त्याच्या बापाला त्यानं हा ठपका लावलेला नाही. त्या बापानं तर मार्काच्या शुभवर्तमानात सरळ कबूल केलंय की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाक. अर्धा विश्वास, अर्धा अविश्वास, आणि मुलगा बरा झाला. तेव्हा हे वचन वापरायचंच असेल तर ते प्रार्थनासाखळीवर पडतं, खाटेवरच्या माणसावर नाही. मी ते साखळीवरही टाकणार नाही. पण त्या भगिनी पुन्हा आल्या तर एवढं त्यांच्यापुढं ठेवायला हरकत नाही.

शिलोहातला बुरूज कोसळून १८ माणसं मेली, ती गोष्ट लूक १३ मध्ये आहे. बाकीच्या यरुशलेमकरांपेक्षा ती जास्त अपराधी होती असं वाटतं का, असं येशूनं विचारलं आणि स्वतःच "नाही" म्हणून उत्तर दिलं. मेलेल्या माणसाच्या मरणावरून त्याच्या आतलं मोजायचं नाही, हे त्यानं तिथंच संपवलंय. तरी आपण मोजतो. वधस्तंभाखाली उभ्या राहिलेल्यांनीही मोजलंच होतं. ह्याचा देवावर भरवसा आहे ना, मग देवानं सोडवावं याला, असं ते म्हणत होते. "विश्वास असता तर वाचला असता" हा हिशेब शुभवर्तमानात कुणी मांडलाय ते एकदा मत्तय २७ उघडून पाहा.

आता स्तोत्राकडे येऊ.

"जो परात्पराच्या गुप्त स्थली वसतो, तो सर्वसमर्थाच्या सावलीत राहील." माझ्या आजीच्या उशाखाली या स्तोत्राचा कागद असायचा, चार घड्या घातलेला, घड्यांवर फाटलेला. तुमच्याकडेही कुठंतरी असेल. मृत समुद्राजवळ कुमरानच्या ११व्या गुहेत जी जुनी गुंडाळी सापडली, तिच्यात भुताखेतांना पळवायच्या गीतांबरोबर हेच स्तोत्र लिहिलेलं आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही माणसं भीतीच्या वेळी याच ओळी धरून बसत होती. त्यात मला काही गैर वाटत नाही. बुडता माणूस काडीचा आधार घेतो, आणि ही तर काडीपेक्षा कितीतरी भक्कम आहे. घोटाळा होतो तो आधाराची हमी केली की.

हमी म्हणून हे स्तोत्र शुभवर्तमानात एकदाच वापरलंय, आणि ते सैतानानं. मंदिराच्या शिरोभागी येशूला उभा करून तो म्हणतो, टाक उडी, कारण देव आपल्या दूतांना तुझ्याविषयी आज्ञा देईल, तुझ्या पायाला धोंड्याची ठेच लागू देणार नाही, असं लिहिलंय. लिहिलंय खरंच, ११ आणि १२ या ओव्यांत. पण सैतान ११व्या ओवीतले शब्द गाळतो. मूळ ओवीत दूतांची आज्ञा तुझ्या सर्व मार्गांत तुला सांभाळण्याची आहे. मार्गांत, म्हणजे चालताना. कड्यावरून उडी मारणं हा मार्ग नव्हे. येशू उत्तरात ९१वं स्तोत्र खोडत नाही, अनुवाद ६ मधलं वाक्य त्याच्या शेजारी ठेवतो: परमेश्वराची परीक्षा पाहू नको.

हे मी उशिरा शिकलो. पाळकपणाच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी एका सात वर्षांच्या मुलाच्या खाटेशी उभा राहून, त्याच्या आईचा हात धरून, मी ठासून म्हटलं होतं, "देव याला नक्की उठवणार, मला खात्री आहे." मला खात्री नव्हती, मला तिचं रडणं थांबवायचं होतं. मूल चौथ्या दिवशी गेलं. दफनविधी मीच केला. ती बाई मला एका शब्दानं बोलली नाही, फक्त पुढं कधी माझ्याकडून प्रार्थना करवून घेतली नाही. तिला मी देवाच्या नावानं चेक दिला होता, आणि खातं माझं नव्हतं.

त्यानंतर मी हे स्तोत्र बसून नीट वाचलं. १३व्या ओवीपर्यंत एक माणूस दुसऱ्याला धीर देतोय. तो भरभरून बोलतोय: पारध्याचा पाश, काळोखात फिरणारी मरी, दिवसा उडणारा बाण, सिंह, नाग. चौथ्या ओवीत तो देवाला पक्षिणीचं रूप देतो, तो तुझ्यावर पाखर घालील म्हणतो. कोंबडी पिलांवर बसते ना, तसं. घार आली की पहिला वार कुणाच्या पाठीवर बसतो हे खेड्यात वाढलेल्याला सांगावं लागत नाही. १४व्या ओवीत आवाज बदलतो आणि देव स्वतः बोलू लागतो. तो सोडवीन म्हणतो, उत्तर देईन म्हणतो, गौरव करीन म्हणतो, आणि त्या सगळ्याच्या मधोमध म्हणतो की संकटसमयी मी त्याच्याजवळ राहीन. संकट येणारच नाही, असं देवाच्या स्वतःच्या तोंडी एकही वाक्य नाही.

तुम्ही शेवटच्या ओवीवर बोट ठेवाल, आणि ठेवायलाच हवं. दीर्घायुष्य देऊन तृप्त करीन असं तिथं आहे, आणि बाबा साठीच्या आतच गेले. यावर माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. इतकंच दिसतं की सैतानानं हे स्तोत्र ज्याच्यावर लावलं, तो स्वतः तिशीच्या थोडा पुढं असताना मारला गेला. वर्षांची मोजपट्टी लावली तर ९१वं स्तोत्र सर्वांत आधी येशूच्याच बाबतीत खोटं ठरतं. गेथशेमाने बागेत त्यानं हा प्याला टळू दे म्हणून तीनदा प्रार्थना केली. प्याला टळला नाही. आणि इब्री लोकांस पत्राच्या ५व्या अध्यायात त्याच प्रार्थनेबद्दल लिहिलंय की मरणातून तारण्यास जो समर्थ होता त्याच्याकडे त्यानं आक्रोश करून, अश्रू गाळून विनवण्या केल्या आणि त्या ऐकण्यात आल्या. ऐकल्या गेल्या, आणि तरी मेला. पुनरुत्थान मानल्याशिवाय या वाक्याचा अर्थ लागत नाही. आपली श्रद्धा खरी टेकलेली आहे ती तिथं. आजारातून उठणं ही त्याची झलक, ती काहींना मिळते, आणि ज्यांना मिळते त्यांनाही पुढं कधीतरी मरावं लागतंच. येशूनं मरणातून उठवलेला लाजरसुद्धा दुसऱ्यांदा मेलाच असणार, त्या दुसऱ्या दफनाचं कुणी लिहून ठेवलेलं नाही इतकंच.

बाबा आणि काका यांची जोडी शास्त्रात आधीच आहे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १२. हा अध्याय मी दवाखान्यात इतक्या वेळा वाचलाय की पान सैल झालंय.

हेरोद राजा मंडळीच्या मागं लागला. त्यानं योहानाचा भाऊ याकोब याला तरवारीनं मारलं. एवढंच एक वाक्य. मूळ ग्रीकमध्ये सात शब्द. जब्दीचा मुलगा, पहिल्या चार शिष्यांतला एक, याइराच्या घरात आणि रूपांतराच्या डोंगरावर येशूबरोबर असलेला, आणि त्याच्या मरणाला सात शब्द. मग हेरोदानं पेत्राला धरलं, चार-चार शिपायांच्या चार तुकड्यांवर त्याचा पहारा सोपवला. उद्या बाहेर काढणार त्या रात्री पेत्र दोन शिपायांच्या मध्ये, दोन साखळ्यांनी बांधलेला, झोपलेला होता. दूत आला, त्याच्या कुशीवर थाप मारून त्याला उठवलं. साखळ्या गळाल्या. मग दूत सांगतो: कंबर बांध, पायतण घाल, अंगावर वस्त्र घे. लहान पोराला शाळेत धाडताना आई सांगते तसं एकेक. लोखंडी दरवाजा आपोआप उघडला, एक गल्ली ओलांडेपर्यंत दूत बरोबर होता, मग नाहीसा झाला. पुढचा रस्ता पेत्राचा पेत्रानं शोधायचा.

तो मार्क म्हटलेल्या योहानाच्या आईच्या, मरीयेच्या घरी गेला. आत प्रार्थना चालली होती, त्याच्याचसाठी. रुदा नावाची मुलगी दाराशी आली, तिनं आवाज ओळखला आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळाली. आतली प्रार्थना करणारी मंडळी तिला काय म्हणाली? तू वेडी आहेस. ती हट्टच धरून बसली तेव्हा म्हणाली, त्याचा दूत असेल. आणि ज्याला देवानं तुरुंगाच्या लोखंडी दारातून बाहेर काढलं तो पेत्र साध्या लाकडी दारावर थापा मारत बाहेर उभा.

मला हा प्रसंग वाचताना हसू येतं, आणि लगेच काहीतरी टोचतं. या घरात विश्वास किती होता? आपलीच प्रार्थना ऐकली गेली हे त्यांना खरं वाटेना. पेत्र वाचला तो यांच्या विश्वासाच्या वजनामुळे नक्कीच नाही. आणि याकोबासाठी कुणी गुडघे टेकले नसतील असं कोण म्हणेल? मंडळी तीच, देव तोच, राजा तोच. एक गेला, एक वाचला. हा अध्याय लिहिणारा लूक कारण देत नाही. तो वैद्य होता, दोन रोगी शेजारी ठेवून एक का उठतो हे त्यालाही ठाऊक नसतं अशी वेळ त्यानं पाहिली असेल. एक वाक्य मात्र त्यानं गाळलं नाही: पेत्र सापडेना तेव्हा हेरोदानं त्या पहारेकऱ्यांना मारायला लावलं. सुटकेच्या गोष्टीतही कुणाच्या तरी घरी त्या दिवशी रडारड झाली, हे तो लिहून ठेवतो. साक्ष देणाऱ्यांनी हा अध्याय शेवटपर्यंत वाचावा असं मला नेहमी वाटतं.

इब्री लोकांस पत्राचा ११वा अध्याय आपण विश्वासवीरांचा अध्याय म्हणून पोरांना पाठ करायला देतो, आणि बहुतेक संडे स्कूलमध्ये तो ३५व्या ओवीच्या मध्यावर संपतो. तिथपर्यंत सगळं झकास आहे: सिंहांची तोंडं बंद केली, अग्नीची शक्ती नाहीशी केली, तरवारीच्या धारेपासून निभावले, स्त्रियांना त्यांचे मेलेले परत मिळाले. मग त्याच ओवीत "दुसरे कित्येक" येतात. ते हालहाल होऊन मेले, धोंडमार झाले, करवतीनं कापले गेले, तरवारीनं वधले गेले. ३४व्या ओवीत तरवारीपासून वाचलेले, ३७व्यात तरवारीनं मेलेले, मध्ये जेमतेम दोन ओव्या. आणि ३९व्या ओवीत लेखक दोघांना एकाच यादीत घालतो: या सर्वांविषयी त्यांच्या विश्वासामुळे चांगली साक्ष देण्यात आली. सर्वांविषयी. तुमचे बाबा ३७व्या ओवीतले. यादी तीच.

राजाच्या मूर्तीपुढं न वाकलेल्या शद्रख, मेशख आणि अबेदनगो यांचं उत्तरही असंच अर्धं पाठ असतं. आमचा देव आम्हाला या भट्टीतून सोडवायला समर्थ आहे. पुढचं वाक्य "आणि न सोडवलं तरी" असं सुरू होतं. ते तिघं भट्टीत पडायच्या आधी बोलत आहेत, चौथा माणूस आत भेटेल हे त्यांना ठाऊक नाही.

प्रेषित पौलाची माणसं पाहा. हा माणूस असा की त्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे होत होते. पण त्याचा तरुण सोबती तीमथ्य याच्या पोटाची कुरकुर होती, तेव्हा त्याला तो लिहितो, नुसतं पाणी पिऊ नको, थोडा द्राक्षारस घे. घरगुती औषध! दुसरा सोबती एपफ्रदीत मरणाच्या दारात जाऊन परत आला, त्यावर पौलाचे शब्द आहेत की देवानं त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही, मला दुःखावर दुःख होऊ नये म्हणून. विश्वासाचं फळ मिळालं असं तो म्हणत नाही, दया म्हणतो. आणि तीमथ्याच्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी एक वाक्य असं टाकलंय की वाचताना नजर घसरून जावी: त्रफिम आजारी पडला, म्हणून त्याला मी मिलेतात ठेवून आलो. प्रेषित पौल बरोबर होता आणि त्रफिम आजारीच राहिला. त्याचा विश्वास कमी होता असं एक अक्षर नाही.

त्याच अध्यायावर जरा थांबतो, कारण तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, देवाची काळजी म्हणजे नेमकं काय, तो मला इथं दिसतो. पौल रोममध्ये कैदेत आहे, आपला प्रयाणकाल जवळ आलाय हे त्याला कळलंय. १७व्या ओवीत म्हणतो, मी सिंहाच्या मुखातून सुटलो. १८व्यात म्हणतो, प्रभू मला सर्व दुष्ट योजनांपासून सोडवील आणि आपल्या स्वर्गीय राज्यात सुखरूप नेईल. सुखरूप हा शब्द तो मरणाच्या पलीकडच्या काठाबद्दल वापरतोय. हे मोठं मोठं बोलणं चाललेलं असताना मध्येच १३व्या ओवीत काय आहे माहीत आहे? त्रोवसात कार्पाकडे माझा झगा राहिलाय, येताना घेऊन ये. पुस्तकंही आण. आणि शेवटी: हिवाळ्यापूर्वी येण्याचा प्रयत्न कर. म्हातारा माणूस, थंड कोठडी, आणि राज्याच्या आशेइतकीच खरी असलेली थंडी. लूक एकटाच माझ्याजवळ आहे, असंही लिहितो. देवानं पौलाला या वेळी तुरुंगाचं दार उघडून दिलं नाही. एक वैद्य जवळ ठेवला, आणि झगा आणायला एक तरुण होता. तो हिवाळ्याच्या आत पोचला की नाही हे शास्त्र सांगत नाही.

एलीया संदेष्ट्याची कहाणी याच जातीची. ईजबेल राणीच्या धमकीनं तो रानात पळाला, रतामाच्या झुडपाखाली बसला आणि म्हणाला, पुरे झालं, परमेश्वरा, माझा प्राण घे. देवदूत आला. त्यानं ना विश्वासावर प्रवचन दिलं, ना कारमेल डोंगरावरचा विजय आठवून दिला. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी ठेवली. एलीयानं खाल्लं आणि परत झोपला. दूतानं त्याला झोपू दिलं, दुसऱ्यांदा उठवलं, आणि म्हणाला, खा, कारण तुला फार लांब जायचंय. दवाखान्यात नवीन रुग्णभेटीला येणाऱ्या पोरांना मी १ राजे १९ आधी वाचायला लावतो, मग डबा कुठल्या वॉर्डात किती वाजता जातो ते शिकवतो. प्रार्थना कशी करायची ते त्यांना येत असतं.

चिमण्यांचं बोलायचं राहिलं. मत्तयात दोन चिमण्या एका दमडीला आहेत. लूकात पाच चिमण्या दोन दमड्यांना. हिशेब करा, पाचवी फुकट. बाजारात कोथिंबिरीच्या दोन जुड्या घेतल्या की वर चार मिरच्या टाकतात तशी. त्या वर टाकलेल्या चिमणीचाही देवाला विसर पडत नाही, असं येशू म्हणतो. आणि मत्तयात म्हणतो, तुमच्या पित्याशिवाय त्यांतली एकही जमिनीवर पडत नाही. चिमणी पडते, ताई. पडतच नाही असं तो म्हणालेला नाही. पडते तेव्हा पिता तिथं असतो, एवढं म्हणालाय.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर आपल्याच मातीतलं पाहा. पंडिता रमाबाई सोळा वर्षांच्या असताना १८७४च्या सुमाराच्या दुष्काळात आई-वडील गेले, मागोमाग थोरली बहीण. मग १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पटकीनं नवरा. कडेवर लहानगी मनोरमा. १८९६-९७च्या दुष्काळात याच बाई मध्य प्रांतात जाऊन उपासमारीनं खंगलेल्या विधवा आणि मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची धास्ती होती म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर नेलं, आणि तिथं मुक्ती ही आश्रयसंस्था उभी राहिली. ज्यांना तिथं अन्न मिळालं त्यांच्यापैकी कित्येकींनी देवानं आम्हाला सोडवलं अशी साक्ष दिली असेल, आणि ती खरीच होती. पण सोडवायला जी आली, तिची स्वतःची माणसं अशाच दुष्काळात गेली होती. म्हातारपणी, १९२१ मध्ये, मनोरमाही गेली. रमाबाईंनी शास्त्राचं हिब्रू-ग्रीकवरून मराठी करण्याचं काम हातात घेतलं होतं ते सोडलं नाही, आणि एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या. पाखर घालणाऱ्या देवाचं हे ९१वं स्तोत्र त्यांनीही मराठीत आणलंय. घरचं एकेक माणूस गमावलेल्या बाईनं त्या ओव्यांवर लेखणी चालवली, हे मला कोणत्याही प्रवचनापेक्षा पटतं.

आता आईचं. स्तोत्र सुरू झालं की ओठ मिटतात म्हणालात. मिटू द्या. तिला ९१वं म्हणायला लावू नका. संध्याकाळी कुटुंब उपासनेत ८८वं वाचा. तेही त्याच पुस्तकात आहे, अवघी तीन स्तोत्रं आधी. त्यात सुटका नाही, शेवट काळोखावर होतो, हिब्रूत शेवटचा शब्दच काळोख आहे. देवा, तू माझे जिवलग माझ्यापासून दूर केलेस, असं तोंडावर म्हणणारं गाणं देवानं आपल्या पुस्तकात राहू दिलंय. आईला जे म्हणता येत नाही ते तिथं लिहिलेलं आहे. पुढं कधी, तिनं स्वतः काढलं तर, ९१वं १४व्या ओवीपासून वाचा. घाई नाही.

आणि आजारपणात पुन्हा तशी वेळ आली तर, येतेच, प्रार्थना बिनधास्त मागणारी करा. बरं कर, वाचव, उठव, असं स्पष्ट मागा. "तुझी इच्छा" हे शब्द आधीच पुढं करून मागणं पातळ करू नका, येशूनं आधी प्याला टळू दे म्हटलं, इच्छेचं नंतर. औषध बंद करायला सांगणारा कुणी भेटला, मग तो कितीही मोठ्या आरोग्यसभेचा वक्ता असो, तर त्याला मत्तय ४ दाखवा. गोळ्या फेकून देणं ही मंदिरावरून मारलेली उडी आहे. मी दोन माणसं या पायी गेलेली पाहिली आहेत, एक मधुमेहाचा, एक फिट्सचा.

काकांच्या साक्षीबद्दल मी त्यांना दोष देणार नाही. वाचलेल्या माणसाला बोलल्यावाचून राहवत नाही. पण ती साक्ष आईच्या अंगावर आली हेही खरं, आणि त्यांच्या पाळकानं त्यांना आधी दोन शब्द सांगायला हवे होते. आमच्याकडे आता साक्ष देणाऱ्याला मी एकच अट घालतो: तुझ्याबरोबर वॉर्डात जे होते आणि जे आले नाहीत, त्यांची नावं आधी घे, मग तुझं सांग. काही जण नावं घेताना थांबतात, पुढं बोलताच येत नाही, आणि खाली बसतात. ती साक्षही मी पूर्ण झाली असं धरतो.

एक गोष्ट तुम्हाला कदाचित लक्षात आली नसेल. वाचलेली माणसं मला रात्री फोन करतात. मी का वाचलो, शेजारच्या खाटेवरचा का नाही, असं विचारतात. दिवसा स्टेजवर सगळ्यांत मोठ्यानं बोलणारेही विचारतात. तुमचे काका तसे असतील असा माझा अंदाज आहे, चुकूही शकतो. त्या दिवसांत नातेवाइकांना आत सोडत नव्हते. बाबांचे शेवटचे दिवस तुम्ही कुणीच पाहिले नाहीत. एका माणसानं पाहिले. बाबा काय खात होते, रात्री काय बोलायचे, स्तोत्र म्हणायचे का, म्हणत असतील तर कुठल्या ओवीपर्यंत दम पुरायचा, हे काकांना माहीत आहे आणि त्यांना आजवर कुणी विचारलेलं नाही, कारण सगळ्यांना त्यांची सुटका ऐकायची होती. त्यांना एखाद्या संध्याकाळी घरी बोलवा. आई असताना बोलवा. चहा ठेवा आणि तुमच्या बाबांबद्दल विचारा.